क्ष विहिरीत पडला त्याची गोष्ट

एका जंगलात गणिताचा फार सुळसुळाट झाला होता. हसू नका, बाळांनो. वाघ परवडला पण गणित नको, असं तिथली म्हातारी जनावरं म्हणायची.

याला कारण करकोचे मास्तर. एका पायावर उभं राहून ते शाब्दिक उदाहरणं शिकवायचे. त्यांच्या सहा पायऱ्या होत्या. उदाहरण दोनदा वाचा. दिलेलं लिहा. विचारलेलं लिहा. समजा क्ष. रीत मांडा. ताळा करा. यातली एकही गाळली तर मास्तर चोच मारायचे. त्यामुळे जंगलात जांभळंसुद्धा सहा पायऱ्यांनीच वाटली जात. तोवर ती सडायची, पण उत्तर बरोबर यायचं.

एके दिवशी काटेराव साळिंदर कोरड्या विहिरीत पडला. त्यात वरच्या ओढ्याचा काठ फुटला आणि पाणी धो धो विहिरीत येऊ लागलं.

"वाचवा!" काटेराव खालून ओरडला.

सगळं जंगल गोळा झालं. वानर तर वेल घेऊनच आला. "मास्तर, टाकू का?"

"वेल टाकणं ही कितवी पायरी?" मास्तरांनी विचारलं.

वानराने बोटं मोजली. सहांत वेल कुठेच नव्हती. बिचारा वेलीचं वेटोळं करून त्यावर बसला.

"काटेराव, उदाहरण वाच," मास्तर म्हणाले.

"मी बुडतोय!"

"दोनदा."

"मी बुडतोय हो!"

"छान. दिलेलं काय? विहीर बारा हात, पाणी तासाला तीन हात चढतं. विचारलेलं काय?"

"माझे मालक वर कधी येणार?" काटेरावची बायको साळूबाई कपाळ बडवत म्हणाली. तिचा जीव खरंच टांगणीला लागला होता. एकमेकांचे काटे सांभाळत तिने सतरा वर्षं संसार केला होता.

"बाई, गणितात नाती आणू नका. समजा, विहिरीत क्ष पडला आहे."

आणि काय सांगू! सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

"क्ष होय!" घोरपड म्हणाली. "मला मेलीला वाटलं, आपले काटेराव."

साळूबाईनेही डोळे पुसले आणि पाटी मागितली.

मग रीत रंगली. कोल्हा म्हणाला गुणाकार, अस्वल म्हणालं भागाकार. दोघांची जुंपली. मध्येच खालून "अहो!" ऐकू आलं. "श्शू!" साळूबाई म्हणाली. "आकडा चुकतोय माझा."

चार तासांनी उत्तर आलं, चार तास. मास्तरांनी दुहेरी चौकट काढून आत लिहिलं, 'चार तासांत क्ष बुडाला.'

नेमका तेव्हाच काटेराव काठावर आला. साळिंदराचे काटे पोकळ असतात, बाळांनो. पाणी चढलं तसा तोही तरंगत चढला. पण हे दिलेल्यात नव्हतं, त्याला मास्तर तरी काय करणार?

निथळत तो बायकोजवळ गेला. "अगं, मी आलो."

"थांबा हो जरा! ताळा चाललाय."

"मास्तर, मी जिवंत आहे," काटेराव म्हणाला.

मास्तरांनी चौकटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "रीत कुठे आहे तुझी?"

"रीत नाही. नुसता तरंगलो."

"मग उत्तर धरता येत नाही. मागे बस."

काटेरावला फार वाईट वाटलं. पण अख्ख्या वर्गात आपलं एकट्याचंच उत्तर वेगळं कोण ठेवणार? त्याने शेजारच्या सशाच्या पाटीवरून 'क्ष बुडाला' उतरवून घेतलं.

लगेच क्षची शोकसभा झाली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मास्तर एका पायावर. साळूबाईला हुंदका आवरेना. काटेरावने तिला धीर दिला.

"चांगला होता हो बिचारा," तो म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरून आले.

तात्पर्य: रीत बरोबर असेल, तर उगाच जिवंत राहून उत्तर चुकवू नये.