हातभर अलीकडे

"पहिल्या कामाचा फोटो नाही," आर्किटेक्टसाहेब म्हणाले आणि लगेच हवा किती कोरडी झाली आहे यावर बोलू लागले.

पंचाईत अशी की त्यांच्या नव्या वेबसाइटवर 'आमची वाटचाल' नावाचं पान होतं आणि त्यातला सगळ्यात वरचा चौकोन 'पहिलं काम' हाच होता. बाकीच्या चौकोनांत काचेच्या इमारती, सभागृहं, एक पूल, सगळं कसं चकचकीत. वरचा चौकोन मात्र पुढचा दात पडल्यासारखा रिकामा.

"आत्तापुरतं काहीतरी टाक," सर डिझायनरला म्हणाले. सर म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्या त्या तीन माणसांच्या ऑफिसचे मालक. "मांडणी कशी दिसते ते तरी कळेल. नंतर चौकोनच उडवू. आणि हे काम नीट पार पडलं ना, तर यापुढची सगळी कामं तू सांभाळायचीस. मी फक्त सही करणार."

डिझायनर खूश झाली. तिने मोबाइल काढला आणि हाताला लागला तो फोटो चौकोनात टाकला. तो होता तिच्या सासरच्या घराचा.

हे घर सासऱ्यांनी स्वतः बांधलं होतं. निदान ते तसं सांगत. "आर्किटेक्ट-बिर्किटेक्ट काही नाही. सगळं या डोक्यातून!" घर तसं चांगलंच होतं. फक्त अंगणातून एक जिना निघायचा, ऐटीत वळसा घ्यायचा, गच्चीच्या दिशेने वर चढायचा आणि गच्चीच्या हातभर अलीकडे हवेतच संपायचा. त्याबद्दल कुणी विचारलं की सासरे कुंड्यांना पाणी घालायला उठत. भर पावसातसुद्धा.

आता फोटोखाली मजकूर हवा. खरा मजकूर हातात येईपर्यंत असल्या चौकोनांत मनाला येईल ते लिहायची या ऑफिसात पद्धतच होती. डिझायनर त्या दिवशी जरा तापलेली होती, कारण सकाळीच सासऱ्यांनी विचारलं होतं, "दिवसभर चौकोन इकडून तिकडे सरकवायचे, याचा पगार देतात?" तिने एका दमात टाइप केलं: 'या जिन्याने वर जाता येतं, पण पोचता येत नाही. ज्या शहाण्याच्या डोक्यातून हा निघाला, त्याला एकदा अंधारात वर पाठवावं.'

सर पोट धरधरून हसले. प्रोग्रामरही हसला.

"उद्घाटनाआधी हे काढ हं, आठवणीने," डिझायनर त्याला म्हणाली.

"होऊन जाईल," प्रोग्रामर मान वर न करता म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीला होऊन जाईल म्हणायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नावच होऊनजाईल पडलं होतं.

उद्घाटन आर्किटेक्टसाहेबांच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. घरच्यांनाही बोलावणं होतं, आणि डिझायनरने हट्टाने सासऱ्यांना आणलं होतं. चौकोन सरकवून काय उभं राहतं ते एकदा बघाच म्हणावं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. दिवे मालवले, तेव्हा कुठे साहेब आतल्या केबिनमधून आले आणि अंधारात पडद्याशेजारी उभे राहिले.

होऊनजाईलने पान उघडलं. 'आमची वाटचाल'. वरच्या चौकोनात जिना.

डिझायनर त्याच्याकडे वळली. "अरे, काढलं नाहीस?"

"होऊन जाईल म्हटलं होतं," तो कुजबुजला. "झालं असं कुठे म्हटलं?"

तेवढ्यात सासऱ्यांनी चष्मा चढवला. दुकानाच्या पाटीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत जे दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. "या जिन्याने वर जाता येतं," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "पण पोचता येत नाही..." आणि शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी ते वाचून काढलं.

नोकरी गेलीच होती, आता घरही जाणार. डिझायनर पडदा बंद करायला भिंतीकडे धावली आणि अंधारात भलतंच बटण दाबलं. पडदा तसाच राहिला, हॉलमधले सगळे दिवे मात्र लख्ख लागले. पहिल्या रांगेतले सासरे आणि पडद्याजवळचे पांढऱ्या दाढीचे साहेब समोरासमोर आले.

"तू?" सासरे उठून उभे राहिले.

"तुम्ही?" साहेब एक पाऊल मागे सरकले.

"दाढीमुळे ओळखलंच नाही! सूनबाई, हाच तो!"

"कोण, बाबा? तुम्ही तर म्हणायचात आर्किटेक्ट नव्हताच."

"काम अर्धवट टाकून पळाला, त्याला काय आर्किटेक्ट म्हणायचं?"

"मी पळालो?" साहेबांचा आवाज चढला. "जिना माझ्या नकाशाप्रमाणे बरोबर जागेवर आहे! गच्ची तुम्ही हलवलीत!"

"अंगण मोठं हवं म्हणून भिंत हातभर आत घेतली. बिघडलं कुठे?"

"जिन्यात!"

"मग जिना सरकवायला तू होतास कुठे?"

"तुम्हीच निघून जा म्हणालात!"

"रागात माणूस काहीही बोलतो. म्हणून लगेच निघून जायचं?"

तेवढ्यात सर घाम पुसत पुढे आले. "माफ करा साहेब, तो मजकूर चुकून..."

"मजकूर?" साहेब म्हणाले. "मजकूर अगदी योग्य आहे. पाठवाच यांना अंधारात वर. कुणी लिहिलं?"

"माझ्या सुनेनं!" सासऱ्यांनी छाती फुगवली. "आणि कुणाला वर पाठवायचं ते इथे सगळ्यांना कळलंय!" त्यांचं बोट साहेबांकडे होतं. साहेबांचं त्यांच्याकडे.

टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकताच, मजकुराची कल्पना मुळात आपलीच असं सर शेजारच्याला सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांचा फोन आला. "ती ओळ तेवढी काढून टाका हो. वय झालंय त्यांचं. मनाला लावून घेतील."

संध्याकाळी घरी पाय टाकते न टाकते तोच सासरे उगाचच तिच्याभोवती घुटमळू लागले. "ते अंधाराचं काढून टाक बरं का. पोरगाच आहे गं तो. पहिल्या कामाला माझ्याकडे आला तेव्हा काय हौस होती त्याला!" एवढं बोलून ते कुंड्यांना पाणी घालायला उठले.

डिझायनरने ती ओळ स्वतःच्या हाताने काढली. या खेपेला तिने होऊनजाईलला सांगितलंच नाही.

सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या दाढीचं ते पोरगं मोजपट्टी घेऊन दारात हजर झालं. दोघं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय हवेत सोडून बसले आणि वरूनच ओरडू लागले.

"सूनबाई, नवा फोटो काढ! मजकूर मी सांगतो. लिही, गच्ची बरोबर आहे..."

"मी सांगतो. जिना बरोबर आहे..."

डिझायनरने फोटो काढला. मजकुरावर दोघांचं एकमत व्हायची ती अजून वाट बघते आहे. तोवर त्या फोटोखाली तिने शहाणपणाने एवढंच लिहिलंय: 'इथे मजकूर येईल.'