माह्या वावरातली शांतता

आख्ख्या तिवसा तालुक्यात माह्या वावरासारखं शांत वावर सापडणार नाही, हे मी कोणालेही छातीठोक सांगत होतो! जवळ टॉवर नाही, वरून विजेची मोठी लाइन नाही, मोबाइलले रेंज पाहिजे असन तं चिंचेवर चढा लागते. माही बायको सीमा यावरूनच मले रोज बोलते. "माहेरी फोन लावाले मी काय माकड हाय?" पण पाहा, तिच्याच भावानं माह्या वावराची किंमत ओळखली!

हा भाऊ म्हणजे शेखर, माहा साळा. लष्कराचे वायरलेस अन् कॉम्प्युटर तपासाची एक प्रयोगशाळा हाय तिकडं दक्षिणेत, तिथं थो इंजिनेर. काही वर्षं मरमर मरून त्यानं एक वायरलेस संच बनवला. बाकीच्या संचात खरखर आली की बोलणं बुडते. शेखरचा संच म्हणे खरखर स्वतः ओळखते अन् बाजूले सारते. पण थो भाग अजून कच्चा होता. आधी नुसत्या शांततेत लांबचं बोलणं धरते का, याची चाचणी व्हाची होती. एक तुकडी अकोल्याले जठारपेठेत एका गच्चीवर बसणार, दुसरी माह्या वावरात!

"भाऊजी, जागा खरंच शांत हाय ना?" शेखरनं फोनवर दहादा विचारलं. "कर्नलसाहेबाले मी शब्द दिला हाय. याच्याआधीच्या चाचण्या बिघडल्या. ही बी बिघडली तं माहा संच कायमचा गोदामात जाईन, अन् मी फायली वाचत बसन!"

"अबे, टाचणी पडली तं ऐकू येईन! तू भिऊन काहून राहिला? जवाई कोण हाय तुह्या घरचा?" मी चिंचेवरूनच ओरडलो.

आता पाव्हणे येणार, थे बी देशाचे! आमच्याकडं रानडुकराईचा असा उच्छाद की उभा भुईमूग एका रात्रीत नांगरून टाकतात. एखादं डुक्कर तंबूत घुसलं अन् देशाच्या मशिनीले धडकलं तं? म्हणून मी आदल्या दिवशीच पुऱ्या वावराले चारी बाजूनं नवी तार ओढली अन् नवं कोरं झटका मशीन जोडलं. हे मशीन सूर्याच्या पाटीवर चालते. तारेले जनावर शिवलं की असा झटका बसते की त्याचे नातेवाईक बी फिरकत नाहीत. हे मी कोणाले सांगितलं नाही. पाहुणचार काय कोणी सांगून करते?

सकाळी दोन ट्रक आले. तंबू लागला, अँटेनाच्या लांब लांब काड्या आभाळात उभ्या झाल्या. कर्नलसाहेब म्हणजे असा माणूस की त्याच्या मिशाईले पाहूनच माहा बैल उठून उभा राहिला. "बिजली से चलनेवाली हर चीज़ बंद!" त्यानं हुकूम सोडला.

मी काय कमी हाय? विहिरीवरची मोटर बंद. गोठ्यातला बल्ब काढून घेतला. शेजारच्या गिरणीवाल्याच्या हातापाया पडून त्याची चक्की बंद केली. साऱ्याईचे मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरले.

"साहेब," मी सलाम ठोकला, "सगळी लाइट बंद!"

झटका मशीन? अजी, थे लाइटवर कुठं चालते! थे तं सूर्यावर चालते!

तंबूत शेखरनं संच सुरू केला. सारे श्वास धरून बसले. अन् भोंग्यातून आवाज आला.

टिक... टिक... टिक...

"ये क्या है?" कर्नलसाहेबाची मिशी थरथरली. शेखरचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं बटनं फिरवली, वायरा काढल्या, पुन्हा लावल्या. टिक... टिक... टिक! त्या टिकटिकीच्या मागं अकोलेवाला काही तरी सांगत होता, पण अक्षर कळत नव्हतं.

"कोई मशीन चालू है!" साहेब गरजले. साऱ्याईची नजर फिरत फिरत माह्या बापावर येऊन थांबली. महादेवराव खाटेवर बसून तमाशा पाहत होते. त्याईच्या छातीत हृदयाचं मशीन बसवलेलं हाय.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "तुमी जराशे रिद्धपूरले जाऊन येता काय? दर्शन होईन."

"काहून? माह्या छातीतलं मशीन सरकारी दवाखान्यातलं हाय! थे देशाच्या इरोधात जाईन काय?" बाबा कडाडले. पण साहेबाच्या मिशीपुढं काय चालते! ऑटो बोलावून त्याईले रिद्धपूरले रवाना केलं. धूळ खाली बसली.

टिक... टिक... टिक!

"आता कोणाचं हृदय बाहेर पाठवू?" मी शेखरले विचारलं. थो नुसता बटनं फिरवत राहिला. कपाळावरचा घाम बी त्यानं पुसला नाही. मले पहिल्यांदा भेव वाटलं. लहानपणापासून बडबड्या पोट्टा तो, असा गप कधी पाहिला नव्हता.

मंग कुलदीप नावाचा जवान आवाजाची दिशा धरणारी काडी घेऊन वावरात फिरला. पूर्वेले गेला, टिकटिक वाढली. पश्चिमेले गेला, तिकडंही वाढली. उत्तर, दक्षिण, तेच! थो पळत आला. "सर! चारों तरफ से आ रहा है!"

"मतलब," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "हमें घेर लिया गया है."

झालं! जवानाईनं बंदुका घेतल्या अन् धडाधड माह्या भुईमुगात पालथे पडले. मीही पडलो. न पडून सांगता कोणाले? मागून शेखरचा रडवेला आवाज आला, "सर, वो कच्चावाला प्रोग्राम चलाकर देखूँ?"

"चलाओ! वैसे भी अब बचा क्या है? तीन बजे सामान बाँधना है. शेखर, ये प्रोजेक्ट यहीं खतम!" शेखरनं थो प्रोग्राम लावला, पण टिकटिक काही थांबली नाही.

मी वावराच्या काठाले, धुऱ्याजवळ नाक मातीत घालून पडलो होतो. नाकासमोर माही नवी तार होती. तारेले हराळीचं एक पातं टेकलं होतं अन् तिथं बारीकशी ठिणगी उडत होती. ठिणगी उडली की तंबूत टिक. पुन्हा ठिणगी, पुन्हा टिक.

म्हणजे टिकटिक माह्याच तारेची! साळ्याचा जल्माचा घात केला, अन् तोही नवी तार विकत आणून!

सांगावं तं कोणत्या तोंडानं? मी ठरवलं, गुपचूप जाऊन मशीन बंद करावं, देवानं टिकटिक थांबवली म्हणून मोकळं व्हावं. सरपटत सरपटत बाभळीमागच्या पेटीपाशी पोचलो. पेटीवर लाल दिवा लुकलुकत होता. बटनाकडं हात नेला अन्...

"हाथ ऊपर!"

कुलदीपची बंदूक माह्या पाठीवर! "सर! पकड लिया! दुश्मन की मशीन के साथ!"

सारे धावत आले. साहेबानं पेटीकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, मंग शेखरकडं. "ये तो तुम्हारा जीजा है ना?" शेखरचे डोळे भरून आले. त्यानं मले एक शिवी दिली असती तं बरं झालं असतं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सीमा डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन आली. हात वर केलेला नवरा पाहून ती घाबरली बी नाही. "अवो, आता काय करून ठेवलं?"

"डुकराचं मशीन," मी पुटपुटलो.

"साहेब," ती म्हणाली, "थे डुकरं हाकलाचं मशीन हाय! तुमच्या सामानात डुक्कर घुसू नये म्हणून याईनं लावलं. याईची अक्कल एवढीच हाय, पण मनात खोट नाही."

"सूअर?" साहेबानं विचारलं.

अन् अचानक तंबूतून आवाज आला. स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तसा. "अकोला बोल रहा हूँ! सुनाई दे रहा है?" त्याच्या मागून जठारपेठेतल्या भाजीवाल्याची आरोळीही स्पष्ट ऐकू येत होती. "वांगेऽऽ! ताजी मेथीऽऽ!"

"मशीन बंद कर दी?" साहेबानं मले दरडावलं.

"नाही साहेब! बटनाले हात लागाच्या आधीच याईनं धरलं!"

साहेबाचा विश्वास बसेना. त्यानं पुढं होऊन तारेले बोट लावलं.

आधी टोपी उडाली, मंग साहेब!

"चालू है!" खाली बसल्या बसल्या साहेब ओरडले. "मशीन चालू है, फिर भी अकोला साफ सुनाई दे रहा है! शेखर! थोड़ी देर लगी, पर तेरा कच्चा प्रोग्राम पक्का है!"

शेखरनं मले अशी मिठी मारली की हात वरचे वरच राहिले. मले बी रडू आलं, लपवत नाही. साहेबानं सीमाच्या हातची भाकरी अन् ठेचा खाल्ला, माही पाठ थोपटली अन् म्हणाले, असली खरखर प्रयोगशाळेत बनवता बनवता त्याईच्या नाकी नऊ येतात. हे मशीन तारेसकट पुढच्या संशोधनासाठी पाहिजे.

"घेऊन जा साहेब!" माही छाती फुगली. "देशासाठी पुरं वावर घेऊन जा!"

ट्रक गेले. मी ताठ मानेनं घरी आलो, पोटभर जेवलो अन् अभिमानानं झोपलो.

सकाळी बाबा रिद्धपूरहून एकटेच आले. त्याईले आणाचं साऱ्याईच्या डोक्यातून गेलं होतं, म्हणून तोंड सुजलेलं. घरी न येता थे सरळ वावरातच गेले. मी मागं पळत गेलो, अन् धुऱ्यावरच मटकन बसलो. शेंग नाही, वेल नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत डुकराईनं सारा भुईमूग नांगरून टाकलेला.

बाबानं चारी बाजूले पाहिलं अन् माह्या खांद्यावर हात ठेवला.

"काय गा सहदेव, आता मातर खरंच शांत हाय तुहं वावर. डुकरं बी जेवूनखावून निजाले गेले!"