दोन मुठी कोरडं बेसन

देवाशप्पथ सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी ग्लासातच विरघळू दे.

आमच्या जेसल पार्कातल्या सोसायटीत शुभदाबाई राहतात, समोरच्या दारात नीलमताई. नीलमताईंची नात क्षितिजा डार्क मॅटरवर पीएचडी करते. म्हणजे आकाशात जे आहे पण दिसत नाही, ते शोधते. रविवारी सोसायटीत तिचा सत्कार ठरला. शाल आजीला, म्हणजे नीलमताईंना. वर जेवणाचं पिठलंही त्यांच्याच हातचं. "माझ्या पिठल्यात एक गुठळी दाखवा," हे त्या वीस वर्षं ऐकवतायत.

शुभदाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. त्यांचा नातू कौस्तुभ विमा विकतो. विम्यासाठी कुणी आजीला शाल देत नाही.

रविवारी सकाळी नीलमताईंनी हाक मारली. "शुभदाताई, जरा ढवळत राहाल? मी साडी नेसून येते. पैठणी आहे, वेळ लागेल."

"या सावकाश."

पैठणीचं नाव काढलं नसतं तर पुढचं टळलं असतं. शुभदाबाईंनी उकळत्या पिठल्यात दोन मुठी कोरडं बेसन टाकलं आणि खिडकीतून खाली बघत उभ्या राहिल्या. पातेल्यात बोराएवढ्या गुठळ्या झाल्या. त्यांनी वर झाकण ठेवलं आणि पातेलं तसंच खाली सभेला गेलं.

सत्कार झाला, शाल नीलमताईंच्या खांद्यावर पडली. क्षितिजा माइकवर बोलायला लागली आणि लोक जांभया द्यायला लागले. सेक्रेटरी गुणवंतभाई म्हणाले, "बेटा, कांय समजत नाय. जरा सोप्पा करून बोल ने."

तेवढ्यात कुणीतरी पातेल्यावरचं झाकण काढलं. नीलमताईंचा चेहरा उतरला. क्षितिजानं मात्र धावत येऊन एक गुठळी चमच्यानं फोडली.

"हे बघा. आतलं कोरडं पीठ बाहेरून दिसत नाही, पण सगळं त्याच्याभोवतीच जमलंय. विश्व लहान होतं तेव्हा डार्क मॅटरच्या अशाच बारक्या गुठळ्या झाल्या, मग त्या जुळून मोठ्या. त्याचे कण सुसाट पळणारे असते, तर बारक्या टिकल्याच नसत्या. म्हणून आम्ही बारक्या शोधतो."

टाळ्याच टाळ्या.

"वाह नीलमबेन," गुणवंतभाई म्हणाले, "नातीसाठी मुद्दाम असा बनवला?"

नीलमताईंनी पदर सारखा केला. "आजीला एवढं सुचायलाच हवं, नाही का?"

आता मात्र शुभदाबाईंना राहवेना. त्या उठल्याच. "खोटं. त्या गुठळ्या माझ्या आहेत. ह्या साडी नेसत होत्या तेव्हा मी टाकलं बेसन. दोन मुठी."

क्षितिजानं विचारलं, "पण का टाकलंत, आजी?"

शुभदाबाई खाली बसल्या. नीलमताईंनी खांद्यावरची शाल काढून त्यांना पांघरली.

"घ्या. गुठळ्या तुमच्या, तर शालही तुमची. आता चाळीस पानं तुम्हीच वाढा."

त्यांनी वाढली. प्रत्येक पानावरून एकच आवाज, "मला बारकी द्या हां, आजी. मोठी नको."

आता एक कबूल करते. शुभदाबाई नावाचं आमच्या सोसायटीत कुणी नाही, ते नाव मी बनवलं. शाल मात्र खरी आहे. माझ्याच कपाटात आहे, या बघायला. जरा टोचते.