बाकावरचा दर्यावर्दी

मंगळवारपासून क्लेम हॅनिगनचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठायचा, खिडकीतून समुद्र बघायचा, पुन्हा बसायचा. बायको नोरीन शेवटी म्हणाली, एक तर खरं सांगून टाक, नाहीतर गप बस.

खरं सांगणार कसं? फळ्या घेऊन लाटांवर स्वार होणाऱ्यांची बोली आली कुठून, हे शोधायला विद्यापीठातून इमोजनबाई येणार होत्या, आणि अख्ख्या गावाने बोट दाखवलं होतं क्लेमकडे. किनाऱ्यावरचा बाक म्हणजे त्याची गादी. तिथे बसून तो वर्षानुवर्षं शब्द ताणत आला होता, "काय लाट होती भावाऽऽ, नाद खुळाऽऽ!" बघता बघता सगळे तसंच बोलायला लागले. गोम एवढीच, की क्लेम मूळचा आतल्या कोरड्या मुलखातला मेंढपाळ. पाण्याला जाम टरकायचा. बोली उचललेली एका उन्हाळ्यात आलेल्या कॅलिफोर्नियाच्या पाहुण्याकडून. दुखऱ्या खांद्याची सबब सांगून इतकी वर्षं निभावली होती. आता बाक जाणार, अब्रूही जाणार.

त्यात त्याच्या दोस्ताने, मर्व्हने, आगीत तेल ओतलं. खरं बोलणं लाटांच्या पलीकडे, फळीवर बसून लाटेची वाट बघतानाच निघतं, असं त्याने बाईंना पटवलं. क्लेमने दुखरा खांदा पुढे केला.

"तू नुसता बस भावाऽऽ," मर्व्ह म्हणाला. "आम्ही ढकलत नेतो."

आणि मर्व्हने आणखी चौघांना घेऊन त्याला नेलंच. बाई गळ्यात आवाज टिपणारं यंत्र अडकवून शेजारच्या फळीवर. क्लेम डोळे मिटून हो हो करत होता. तेवढ्यात एक लाट फळीखालून गेली आणि तीस वर्षं ताणलेली बोली क्षणात उतरली.

"आरं धरा की रं मला! बुडालो! आगं आये!"

मग मर्व्हचा हळू आवाज आला, "आरं क्लेम, तू बी मेंढरातला व्हय? म्या गुरांतला. तुझंच ऐकून शिकलो की."

बाकीच्या चौघांनीही माना खाली घातल्या. इमोजनबाई रडकुंडीला आल्या. इथला असा कुणी आहे का नाही?

तोवर किनाऱ्यावरून सपासप हात मारत नोरीन पोचली होती. तिने नवऱ्याची फळी धरून वळवली.

"तुम्ही इथल्याच?" बाईंनी विचारलं.

"जन्म इथलाच."

"मग तुमच्या बोलण्यात ती बोली कशी नाही?"

"बोलायला सवड कुणाला होती, बाई?" नोरीन म्हणाली. "आम्ही पाण्यात असायचो."