कखग आणि तेजस्विनी यांची समक्ष तुलना

व्हिडिओ गेममधल्या दोन जादूगारांची तुलना करायची असेल, तर ती तहसील कचेरीत, दोघांना समोर बसवूनच करावी लागते, हा नियम मला माहीत नव्हता. माहीत नसणं ही सबब चालत नाही, हे नोटिशीच्या तळाशीच छापलं होतं.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. दुपारी दीड ते चार शटर अर्धं ओढून मी दुकानातल्या संगणकावर खेळतो. खेळ जुन्या धाटणीचा आहे. एक राज्य, पुष्कळ गुहा, राक्षस आणि आपल्याबरोबर चालणारी माणसं. माझ्याबरोबर दोन जादूगार होते. एक पाठ करणारा. त्याच्या पोथीत साठ-सत्तर मंत्र असतात, पण रोज सकाळी त्यातले चारच पाठ करून निघायचं. एकदा म्हटला की मंत्र डोक्यातून पुसला जातो, तो दुसऱ्या सकाळपर्यंत परत येत नाही. दुसरी आपसूक. तिला मोजून सहा मंत्र येतात, पण त्यातला हवा तो, हवा तेव्हा, अंगात दम असेपर्यंत.

खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी या दोघांबद्दल चौदा ओळी लिहिल्या. ‘पाठ करणारा म्हणजे गळ्यातलं लोढणं. ऐन वेळी नेमकं लागतं तेच त्याच्याकडे नसतं. गुहेच्या लढाईत आमचा हा बुवा नुसता उभा होता. घ्यायचीच असेल तर आपसूकवाली घ्या.’ दोनशे बारा जणांनी अंगठे दिले. दोन दिवस मी खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी कोतवाल नोटीस घेऊन आला तेव्हा मी हायस्कूलच्या एका बाईंचे डोळे तपासत होतो. माझे हात अडकलेले, म्हणून त्याला म्हटलं, वाच. त्याने खणखणीत वाचली. गुरुवारी अकरा वाजता नायब तहसीलदारांपुढे हजर राहावे, दोन्ही जादूगार स्वखर्चाने येतील, तुलनेत जो कमी ठरेल त्याचे नाव सर्व संगणकांवरून कमी करण्यात येईल.

बाई यंत्राच्या मागून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही त्यांच्या पाठीमागे बोललात होय?”

मी त्यांना खालची ओळ वाचायला सांगितली.

गुरुवारी माझी बायको विनयाही आली. तिला यायचं काही कारण नव्हतं, पण तिला ती दोघं बघायची होती. कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर ती दोघं बसलेली होती. आपसूकवाल्या तेजस्विनीच्या बोटांत सात अंगठ्या, खांद्यावर निळा झळझळीत शेला. शेजारी तो. सुरुवातीला फुकट मिळतो तोच तपकिरी झगा, कोपरांवर विरलेला. खेळात सापडलेलं सगळं मी तिलाच चढवत गेलो होतो, हे संगणकावर कधी इतकं दिसलं नव्हतं.

मला बघून तो उठून उभा राहिला. “नमस्कार साहेब. पहिल्या एसटीने आलो. आठपासून आहे इथे.”

मी म्हटलं, “बसा बसा.” त्याच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द.

मग शिपायाने पुकारा केला. “कखग हाजिर!”

व्हरांड्यातली माणसं हसली. दाखल्यांसाठी आलेली दोन पोरं तर फार हसली. खेळ सुरू करताना त्याला नाव द्यावं लागतं, तेव्हा मला घाई होती. तेजस्विनीचं नाव शोधायला मी अर्धा तास घेतला होता.

“हाजिर,” तो म्हणाला आणि झगा सावरत आत गेला. विनया माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे बघितलं.

नायब तहसीलदार आंब्रे मॅडम पन्नाशीच्या होत्या, शांत आवाजाच्या. त्यांनी माझ्या चौदा ओळी मला उभं राहून वाचायला लावल्या. ‘लोढणं’ या शब्दाशी माझा आवाज बसला. मॅडम म्हणाल्या, “मोठ्याने, खातू. लिहिताना मोठ्याने लिहिलंय.”

वाचून झाल्यावर त्या त्याच्याकडे वळल्या. “गुहेच्या लढाईच्या दिवशी तुम्ही काय पाठ केलं होतं?”

त्याने झग्यातून वही काढली. तारीखवार नोंदी होत्या, रेघा मारलेल्या. “उंचावरून पडताना सावकाश खाली येण्याचा मंत्र, बाई. चार वेळा.”

“आदल्या दिवशी?”

“तोच. चार वेळा.”

“त्याच्या आधी?”

“एकसष्ट दिवस तोच आहे, बाई.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “पोथीत सत्तर मंत्र. त्यात आगीचे, बर्फाचे, ढालीचे. आणि तुम्ही एकसष्ट दिवस पडण्याचाच पाठ करताय?”

त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परीक्षेत शेजारच्या मुलाकडे बघून मग आपणच मान खाली घालावी तसं. “माझी समज कमी पडली, बाई.”

“यादी ठरवतं कोण?” हा प्रश्न मला होता.

यादी खेळणारा ठरवतो. पहिल्याच दिवशी पडद्यावर मंत्रांची यादी आली, तेव्हा दारात गिऱ्हाईक उभं होतं. मी सगळ्यांत वरच्या ओळीवर चारदा बोट मारलं आणि पुढे गेलो. त्यानंतर यादी बदलायची असते हे माहीत असून एकदाही उघडली नाही. हे सांगायला दहा सेकंद लागले असते. मागे विनया बसली होती, दारात ती पोरं उभी होती.

“तोच ठरवतो,” मी म्हणालो.

वही मिटून त्याने झग्यात ठेवली. मॅडमनी माझं म्हणणं लिहून घेतलं, मी सही केली. त्या म्हणाल्या, निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर.

आवारातल्या नळावर मी तोंड धूत होतो तेव्हा तेजस्विनी मागे येऊन उभी राहिली. अंगठ्या काढून तिने ओंजळीत घेतल्या होत्या.

“गुहेत तो नुसता उभा होता म्हणालात.”

“होता ना.”

“मी कड्यावरून घसरले होते. खाली काळंभोर पाणी. त्याने मंत्र म्हटला आणि मी पिसासारखी खाली उतरले. परत चढून आले, परत घसरले. चारही मंत्र त्याने माझ्यावर घातले. मग उभा राहिला. मग त्याच्याकडे होतं काय?”

“मला हे दिसलं नाही.”

“तुम्ही एका आजोबांना फ्रेम दाखवत होतात. सोनेरी की काळी, वीस मिनिटं.” तिने हात धुतले. “मला सहा मंत्र येतात, ते मी शिकलेले नाहीत. उपजत आहेत. लोक म्हणतात वा! मला तर त्यात काही करावंच लागत नाही. तो पहाटे चारला उठून तेच तेच पाठ करायचा. मी विचारलं, कशाला करतोस, याचा काही उपयोग नाही. तर म्हणाला, साहेबांनी विचार करूनच दिलं असेल.”

तिने अंगठ्या एकेक करून परत घातल्या आणि गेली.

विनयाने डबा उघडला होता. त्याला तिने बोलावून बाकावर बसवलं होतं. तो पोळीचा तुकडा मोडत विचारत होता, “वहिनी, नाव कमी झालं म्हणजे दुखतं का हो?” विनया म्हणाली, “नाही, दुखत नसावं.” मग मला बघून तिने डब्याचं झाकण लावलं.

दोन वाजता मी मॅडमच्या टेबलापुढे जाऊन म्हणालो की मला जबाब दुरुस्त करायचा आहे. यादी मी द्यायची होती. मी दिली नाही. सकाळी खोटं बोललो.

कान इतके गरम झाले होते की माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मॅडमना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं.

“तुलना करणाऱ्याने खोटं सांगितल्याचं कबूल केलं, तर तुलनेचा हक्क समोरच्याकडे जातो. आता हे कखग तुमची तुलना करतील. दुसऱ्या एखाद्या खेळणाऱ्याशी. जो कमी ठरेल त्याचं खेळणं बंद.” त्या त्याच्याकडे वळल्या. “आत्ता करता?”

“नाही बाई,” तो घाईने म्हणाला. “मला तयारी लागेल.”

त्याला आठ दिवस मिळाले. तोवर त्याला परत जाता येत नव्हतं आणि त्याच्या राहण्याची सोय नियमाप्रमाणे माझ्याकडे होती. तेजस्विनी त्याच संध्याकाळी गेली. तिला कसलीच तयारी करायची नव्हती.

तो आमच्या बाहेरच्या खोलीत राहिला. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला विचारलं, “साहेब, उद्या काय काय लागेल?” मला वर बघवेना. “काहीही,” मी म्हणालो. तो तसाच उभा राहिला. ‘काहीही’ नावाचा मंत्र पोथीत नव्हता.

शेवटी विनयाने स्वयंपाकघरातून सांगितलं, “गच्चीवरचे कपडे उडतात, ते एक. दूध उतू जातं. शेजारच्या आजींची खोकल्याची ढास. आणि एक तुमच्या मनाने ठेवा, अडीनडीला.” दुसऱ्या दिवशी कपडे उडाले नाहीत, दूध काठाशी येऊन थांबलं, आजी कित्येक दिवसांनी दुपारी झोपल्या. असं आठही दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी विनया म्हणाली, “अहो, एवढं विचारायला तुम्हाला किती वेळ लागला असता?” मी दुकानाची किल्ली शोधत राहिलो. ती माझ्या हातातच होती.

पुढच्या गुरुवारी कचेरी भरली होती. ग्रुपवरचे अंगठे दिलेले पंधरा-वीस जण लांबून आले होते. त्याने चार पानं लिहून आणली होती, ती तो सावकाश वाचू लागला. माझी तुलना त्याने मेहकरच्या कुसुम तायडे नावाच्या निवृत्त परिचारिकेशी केली होती. तो तिच्याही संगणकावर असतो. तिथे त्याचं नाव नरहरपंत आहे.

“तायडेबाई रोज सकाळी यादी देतात,” त्याने वाचलं. “पुष्कळदा चुकीची देतात. एकदा वाळवंटात त्यांनी मला चारही मंत्र पुराचे दिले. आम्ही सगळे मेलो. मग त्या म्हणाल्या, नरहरपंत, माझं चुकलं, उद्या नीट बघू. खातूसाहेब लढाईत तायडेबाईंपेक्षा हुशार आहेत. ते एकही लढाई हरलेले नाहीत. खातूसाहेब मला कधी वाईट शब्द बोलले नाहीत. कधी बोललेच नाहीत. मी त्यांच्याकडे एकसष्ट दिवस होतो. त्यांना राग येतो का, हसू येतं का, मला माहीत नाही. म्हणून या मुद्द्यावर तुलना करता आली नाही.”

त्याने पान उलटलं. मला वाटत होतं, त्याने एकदा तरी ‘लोढणं’ म्हणावं. ते ऐकणं सोपं गेलं असतं.

“निष्कर्ष,” मॅडम म्हणाल्या. “कमी कोण?”

“खातूसाहेब कमी आहेत,” तो म्हणाला. मग कपाळावरचा घाम पुसून पुढचं वाचलं. “कारण, तयारी अपुरी. मुदत मिळावी.”

“मुदतीचा रकाना नाही.”

“मी आखून आणलाय, बाई.”

त्याने कागद पुढे केला. खरंच आखलेला होता, पट्टीने. मॅडमनी तो बराच वेळ बघितला, मग त्यावर शिक्का मारला. सहा महिने मुदत. तोवर खेळणाऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या मंत्रांची यादी रोज स्वतः कचेरीत येऊन, कारणांसह, लेखी द्यायची. एकही खाडा झाल्यास खेळणं बंद.

तो दुपारच्या एसटीने गेला. स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो होतो. काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो, पण एसटी लागली आणि तो म्हणाला, “साहेब, पुढचा मुक्काम दलदलीत आहे. पाय रुततात.” मी म्हणालो, “बरं.” तो चढला.

कचेरी पावणेदहाला उघडते. मी साडेनऊला जाऊन उभा राहतो. माझ्या पुढे रोज चार-पाच जण असतात. एक डॉक्टर आहेत, एक बँकेतले, एक बाई माझ्याकडूनच चष्मा घेऊन गेलेल्या. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून हातातली मंत्रांची यादी पुन्हा वाचतात, एखादी ओळ खोडतात, वर दुसरी लिहितात. आतून शिपाई पुकारतो, तेव्हा ज्याचं नाव असेल तो खाली मान घालून आत जातो.