आर्डिसबाईंसाठी बुरूज

भेटवस्तू निवडण्यात माझा हात धरेल असा माणूस उत्तर मिनेसोटात सापडणार नाही, असं मी गेल्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. दुपारी दोनपर्यंत म्हणा. अडीचला माझी पाचावर धारण बसली, आणि साडेचारला मी खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसलो होतो.

आम्ही तिघं दर रविवारी आर्डिस टोरविक बाईंच्या तळघरात जमतो. बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून त्या आमचा खेळ चालवतात. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. आम्ही प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि बाईंनी उरलेलं सगळं जग व्हायचं: राजे, दरोडेखोर, हवामान आणि मुख्य म्हणजे राक्षस. राक्षसाने सोटा हाणला की तो लागला की हुकला, हे बाई वीस बाजूंचा फासा टाकून ठरवतात. फासा टाकतात तो पुठ्ठ्याच्या एका आडव्या पडद्यामागे. त्या पडद्यामागे आम्ही कधी डोकावत नाही. तशी आमची रीतच नाही.

माझं पात्र ब्रुंडी. बुटका, दाढीवाला आचारी, हातात ढाल म्हणून बिडाचा तवा. तेरा वर्षांपूर्वी इथली कागदगिरणी बंद पडली आणि मी घरी बसलो, तो अख्खा हिवाळा मी ब्रुंडी होऊन काढला. गावात मला कोणी काम देत नव्हतं, पण खेळातल्या एका किल्ल्यावर अकरा भुकेले सैनिक ब्रुंडीची वाट बघत होते. त्याचा तो कागद, ज्यावर त्याची ताकद, सामान, जखमा सगळं लिहिलेलं असतं, खोडून खोडून कांद्याच्या सालीसारखा झालाय. तरी मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेत नाही.

त्याला कारण बाईंचा एक नियम. तळघरात लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आहे. पात्र मेलं की त्याचा कागद खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्या शेगडीत टाकायचा. नवीन प्रत काढायची नाही, रडायचं नाही. बाई हा नियम अशा आवाजात सांगत की बर्फाच्या दिवसांतही घाम फुटावा. पण तेरा वर्षांत शेगडीत एकही कागद गेला नव्हता. आम्ही फार हुशारीने खेळतो म्हणून, असं मी धरून चाललो होतो.

तर बाईंचा वाढदिवस. खेळ चालवणाऱ्या माणसाला काय द्यावं हे लोकांना कळतच नाही. लव्हॉन, जी दातांच्या दवाखान्यात काम करते आणि बाईंची जुनी विद्यार्थिनी आहे, दरवर्षी ड्रॅगनच्या आकाराची मेणबत्ती देते. डेल्मार परगण्याच्या पुलांचा तपासनीस. तो दरवर्षी वही देतो. बाईंच्या कपाटात आता नऊ ड्रॅगन आणि बारा वह्या आहेत.

"माणसाला काय हवंय ते डोळे उघडे ठेवून बघायचं असतं," मी बायकोला, रेनेला, म्हणालो. "बाईंचा अंगठा दुखतो. फासा हातातून सुटतो, शेगडीखाली जातो. सदुसष्टाव्या वर्षी त्या ओणव्या होऊन शोधत बसतात."

"मग मलम दे," रेने म्हणाली.

बायकोला खेळातलं काही कळत नाही. मी ओकचा बुरूज बनवला. वरून फासा सोडायचा, तो आतल्या फळ्यांवरून टपटपत खाली येणार आणि पुढच्या अंगणात अलगद थांबणार. सहा शनिवार लागले. वर कंगोरे कोरले, दाराला बिजागरी लावली, होडीला लावतात ते वॉर्निश तीन हात दिलं. उंची सव्वादोन फूट.

बाईंचा पडदा दहा इंच. हा हिशेब मी केला नव्हता.

बुरूज पडद्यामागे मावेना, तेव्हा मी तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि तोंड आमच्याकडे केलं. "आता फासा कुठे पडला ते सगळ्यांना बघता येईल, बाई," मी म्हणालो, आणि वर टाळीची वाट बघत उभा राहिलो.

बाईंनी बुरुजाचं दार एकदा उघडून मिटलं. मग म्हणाल्या, "वेगळंच आहे हं."

आमच्याकडे तोंडावर कोणी कशाला वाईट म्हणत नाही. तुम्ही कोणाकडे जेवायला काही करून नेलंत आणि यजमान "वेगळंच लागतंय" म्हणाला, तर भांडं झाकून मुकाट्याने गाडीत नेऊन ठेवायचं असतं. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण माझ्या डोक्यात वॉर्निश गेलं होतं. मी म्हणालो, "नाही का!"

दोन वाजता खेळ सुरू झाला. आम्ही एका खिंडीतून चाललो होतो, वाटेत चार किरकोळ राक्षस. असल्यांना आम्ही गेली तेरा वर्षं लोणच्यासारखं तोंडी लावत आलोय. बाईंनी फासा बुरुजात सोडला. टप, टप, टप. अठरा.

"लागला," बाई म्हणाल्या. त्यांनी फासा जरा घाईनेच उचलला.

पुन्हा टप, टप, टप. एकोणीस. मग पंधरा. मग पुन्हा अठरा. अडीच वाजता लव्हॉनचं खेचर मेलं.

हसू नका. हर्बी नाव त्याचं. नऊ वर्षं आमचं सगळं सामान त्याने वाहिलं होतं आणि त्याला स्वतःचा कागद होता, त्यावर लव्हॉनने त्याचं चित्र काढलं होतं. लव्हॉन उठली, शेगडीचं दार उघडलं, कागद आत सोडला. "ठीक आहे," ती म्हणाली. "काही हरकत नाही. चालतं."

आमच्याकडे लागोपाठ तीनदा असलं 'ठीक आहे' ऐकलं की माणूस खुर्ची मागे सरकवतो. मीही माझी सरकवली.

डेल्मारने वहीत आकडे मांडायला घेतले होते. पुलांचा माणूस, त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. "गंमत आहे," तो म्हणाला. "एवढी वर्षं यांचे चारातले तीन घाव हुकायचे. आज चौदातले अकरा लागले. फासा तोच, राक्षस तेच."

"थंडी आहे ना," मी म्हणालो.

कॉफीसाठी दूध आणायला लव्हॉन जिन्याजवळच्या फ्रिजकडे गेली आणि जाताना मला कोपराने ढोसलं. मी मागोमाग गेलो.

"वर्लिन, तुझ्या लक्षात येतंय का?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाई खोटं सांगत होत्या."

"कधी?"

"कायम. पडद्यामागे अठरा पडायचे आणि बाई आपल्याला सात सांगायच्या. तेरा वर्षं त्या आपल्याला जगवतायत रे. आणि तू त्यांना चव्हाट्यावर आणून बसवलंस."

फ्रिजला टेकून मी उभा राहिलो. मला एकेक आठवायला लागलं. दलदलीतली ती लढाई, जिच्याबद्दल मी मेहुण्याला दोनदा सांगितलं होतं. पुलावर मी एकट्याने तव्याने अडवलेले सहा भालेकरी. हुशारी कसली? एका म्हाताऱ्या बाईने पडद्याआड मला पदराखाली घेतलं होतं, आणि मी तिला ओकचा बुरूज करून दिला होता.

"आता ब्रुंडी?" मी विचारलं.

"गुहेत मोठा राक्षस आहे," लव्हॉन म्हणाली. "आणि सगळ्यात पुढे कोण चाललंय?"

मीच चाललो होतो. तेरा वर्षं मीच पुढे चालतो.

मी परत येऊन बसलो. बुरूज घालवायलाच हवा होता. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट तीनदा म्हणावी लागते. पहिल्यांदा म्हणायचं ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा समोरच्याचा मान म्हणून, तिसऱ्यांदा म्हटलं की ते खरं धरतात.

"बाई, अडचण होतेय टेबलावर," मी म्हणालो. "बाजूला ठेवा ना. मला वाईट वाटणार नाही."

"छे छे. मुळीच अडचण नाही, वर्लिन," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मला वाटतं आशा होती.

"खरंच सांगतो, बाई. मला अजिबात वाईट वाटणार नाही."

"इतकं छान केलंयस तू. असू दे."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि डेल्मार म्हणाला, "अरे, पुरे आता. दोनदा नाही म्हणाल्या त्या. आवडलाय त्यांना. सहा शनिवार घातलेस तू, असं कमी लेखू नये आपल्या कामाला."

झालं. मोजणी मोडली. आता पुन्हा पहिल्यापासून म्हणायला निदान पुढचा रविवार उजाडावा लागला असता. बाईंनी डेल्मारकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने पूर्वी शाळेत परीक्षानळ्या तडकत असाव्यात.

मग मी कॉफी सांडली. चुकून सांडल्यासारखी, सरळ बुरुजाच्या डोक्यावर. कॉफी एकेका फळीवरून उतरत खाली आली आणि पुढच्या अंगणात शांतपणे साचली. लाकडाला डागसुद्धा नाही.

"वॉर्निश काय दिलंयस रे," डेल्मार कौतुकाने म्हणाला.

गुहेचं तोंड आलं. बाई वर्णन करायला लागल्या. आत अंधार, ओल, हाडांचा खच. एरवी असल्या वर्णनाला मी लव्हॉनच्या डब्यातली वडी खात खात मान डोलावतो. आज वडी हातात तशीच राहिली, कारण बाई स्वतः घाबरल्या होत्या. त्या शब्द लांबवत होत्या. हाडं कोणाकोणाची होती हे त्यांनी पाच मिनिटं सांगितलं. राक्षस बाहेर यायलाच तयार नव्हता.

तेवढ्यात लव्हॉनने टेबलावरची मेणबत्ती पाडली, आणि सगळे ती विझवायला वाकले. तिने मुद्दाम पाडली की काय हे मी अजून विचारलेलं नाही. माझ्या हातात तिनेच केलेली कॅरॅमलची वडी होती. मी ती बुरुजाच्या वरच्या भोकातून आत कोंबली आणि बोट चाटून सरळ बसलो.

मग राक्षस आला. पहिल्या घावाला फासा खाली आला, जरा मंद, पण आला. सतरा. ब्रुंडी भिंतीवर आपटला. त्याच्या अंगात आता आणखी एक घाव सोसायचं बळ उरलं नव्हतं.

"दुसरा घाव," बाई म्हणाल्या. "वर्लिन, सोळाच्या वर पडला तर..." त्यांनी शेगडीकडे बघितलं.

"हो, बाई," मी म्हणालो.

मी कागद हातात घेतला. शेगडीत एक ओंडका फुटला आणि मी दचकलो. छप्पन्न वर्षांचा बाप्या मी, खोट्या आचाऱ्यासाठी ओठ चावत बसलो होतो. लाज वाटत होती आणि भीती तिच्याहून जास्त वाटत होती. बाईंनी फासा सोडला. टप. टप.

आणि मग काहीच नाही.

आम्ही चौघंही अंगणाकडे बघत होतो. फासा आला नाही. बाईंनी बुरुजाला हळूच टिचकी मारली. मग त्या उठल्या, फळीवरचा टॉर्च घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि वरच्या भोकाला डोळा लावला. फार वेळ लावला. मी श्वास रोखून धरला होता आणि लव्हॉनने माझी बाही.

बाई सरळ झाल्या. "चार," त्या म्हणाल्या. "हुकला."

"मी एकदा बघतो," डेल्मार म्हणाला. "पद्धत म्हणून."

"डेल्मार, बस खाली," लव्हॉन म्हणाली. आमच्या टेबलावर इतकं थेट कोणी कोणाशी बोललं नव्हतं. पण डेल्मार उठलाच. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्याने पुलाची केसाएवढी भेगही अहवालात गाळली नव्हती. एकदा त्याने सख्ख्या भावाच्या दारचा पूल बंद करायला लावला होता. त्याने बाईंच्या हातातून टॉर्च घेतला, बुरुजावर वाकला आणि आत बघितलं.

वाकलेलाच राहिला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि ती हलत नव्हती. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

डेल्मार सरळ झाला. टॉर्च बंद केला. बसला. लव्हॉनच्या डब्यातून एक वडी घेतली.

"चार," तो म्हणाला. "स्पष्ट दिसतोय." आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या दिवशी उरलेला खेळ बाईंनी पडद्यामागे दुसरा फासा टाकून चालवला. राक्षसाला पुढे काहीच जमेना. निघताना मी म्हणालो, "बुरूज घरी नेतो, दुरुस्त करून आणतो." बाई म्हणाल्या, "घाई करू नकोस हं." हे त्या तीनदा म्हणाल्या.

तेव्हापासून बुरूज आमच्या गॅरेजमध्ये उभा आहे. गॅरेजमध्ये माझे तीन टॉर्च आहेत आणि मी त्यातला एकही त्या बाजूला नेत नाही. पण परवा रेने तिथे झाडायला गेली होती. जेवताना म्हणाली, "तुझ्या त्या बुरुजात काहीतरी चिकटलंय. फासा आहे. वरच्या बाजूला वीस दिसतोय."

"चार," मी म्हणालो.

"अरे, मी बघितला ना. चांगला टॉर्च लावून. वीस आहे."

"चार आहे, रेने."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "बरं," ती म्हणाली. "चार."