रांगेचं शूटिंग

ऐंशी वर्षांपूर्वी एक न्हावी सरकारी कचेरीच्या बंद खिडकीपाशी सावलीला उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा उभा राहिला, दुसऱ्यामागे तिसरा, आणि दुपारपर्यंत निम्मं शहर रांगेला लागलं. रांग कशाची, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

इतिहासाच्या निवृत्त मास्तरांनी या प्रकरणावर फिल्म काढायची ठरवली. तीच कचेरी, तीच खिडकी. सुट्टीच्या दिवसाची परवानगीही मिळाली. पहिल्या माणसाच्या भूमिकेला त्या न्हाव्याचा नातूच सापडला. तोही न्हावीच. त्यानं अट घातली, "आजोबांना येडं दाखवायचं नाही. लोकांनी ऐंशी वर्षं हसून घेतलंय."

"येडे ते नव्हते रे, मागचे होते," मास्तर म्हणाले. मागचे म्हणून त्यांनी शेजारपाजारचे तीस जण गोळा केले होते.

नऊला कॅमेरा सुरू झाला. साडेनऊला मास्तरांनी माणसं मोजली, तर एकेचाळीस भरली. दहाला रांग कोपऱ्यावरून वळली.

"अहो, हे शूटिंग आहे," मास्तरांनी एका पिशवीवाल्या आजींना सांगितलं.

"असं सांगूनच लोकांना घालवतात," म्हणत आजी पुढच्याच्या पाठीला आणखी चिकटल्या.

मास्तरांनी कॅमेरा बंद करायला लावला. त्यासरशी कुणीतरी ओरडलं, "बघा! आता पुरावाही नकोय यांना!"

मास्तरांचे तीस जणही जागचे हलेनात. "नक्की काही मिळणार नाही ना?" शेजारचा शिंपी कुजबुजला. "नाही म्हणजे, एवढी माणसं उगीच येतील का?"

पहिला माणूस हटला तर रांग मोडेल, म्हणून मास्तर खिडकीकडे धावले.

"ओ मास्तर, शिकलेली माणसं तुम्ही, अन् मध्ये घुसता?" चौघांनी त्यांना धरून पार शेवटी नेऊन उभं केलं.

तेवढ्यात खिडकी किलकिली झाली. डबा विसरला म्हणून आलेला कारकून आत होता. बाहेरची गर्दी पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आज सुट्टी आहे, उद्या या!" एवढं बोलून त्यानं खिडकी लावून घेतली.

रांगेतून समाधानाचा सुस्कारा निघाला. म्हणजे काहीतरी होतंच तर! लोक न्हाव्याकडे आदरानं पाहू लागले. "याच्या आजोबांनाही कळलं असणार," शिंपी म्हणाला. न्हाव्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी सहालाच खिडकीपाशी पोचला. मास्तर आधीच तिथे उभे होते.

"शूटिंग राहिलंय का, मास्तर?"

"छे," खिडकीवरची नजर न काढता मास्तर म्हणाले, "मागे उभा राहा."